पितळेचे बारा आकडे

डोळ्यांच्या हॉस्पिटलातल्या बारा खोल्यांवरच्या पितळी पाट्या शीमास्तरने चोरल्या, अशी कुजबुज आमच्या भागात बरीच वर्षं चालू होती. कुजबुज कसली, जाहीर गुपितच म्हणा. त्याने त्या का चोरल्या, हेही लोकांना तोंडपाठ होतं. हॉस्पिटलच्या अध्यक्षांनी मास्तरला डावलून आपल्या आवडीचे भिकार आकडे पाट्यांवर कोरून घेतले, मास्तरला ते बघवेनात, म्हणून एके सकाळी पिशवीत पेचकस टाकून तो गेला आणि सगळ्या पाट्या उतरवून घेऊन आला. कोणी म्हणे नाल्यात फेकल्या, कोणी म्हणे पलंगाखाली ठेवल्यात. सलूनमध्ये तर मी असंही ऐकलं की रोज सकाळी उठल्याबरोबर तो त्यांच्यावर थुंकतो. हे त्याला इतकं शोभण्यासारखं होतं की मीसुद्धा दोन-चार ठिकाणी सांगून टाकलं.

आता शीमास्तर हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. छापील काहीही समोर आलं की हा माणूस 'शी' म्हणायचा, म्हणून छापखान्यातल्या लोकांनी ते चिकटवलं, आणि पुढे त्याला येणारी पत्रंसुद्धा त्याच नावाने यायला लागली. त्याचं काम अक्षरं निवडायचं. आधी अक्षरांचे शिशाचे खिळे हाताने जुळवायचा, मग कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासमोर बसला. कोणत्या पुस्तकाला, कोणत्या पाटीला, कोणत्या औषधाच्या खोक्याला कोणत्या वळणाचं अक्षर लावायचं, आणि त्याच्या शेजारी दुसरं कोणतं बसवायचं, हे तो ठरवायचा. मी समोरच्या टेबलावर प्रूफं वाचायचो. एकोणीस वर्षं मी त्याचं तोंड समोरून पाहिलंय, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवा.

त्याच्या 'शी'चे प्रकार होते. दुकानाच्या पाटीला आखूड. शाळेच्या अहवालाला लांब, शेवटी नाकातून सोडलेली. आणि तिसरा प्रकार, ज्यात आवाजच नसे; फक्त वरचा ओठ डाव्या बाजूने चढायचा आणि दातांच्या फटीतली तंबाखू दिसायची. हा तिसरा प्रकार समोरच्याला मेल्याहून मेल्यासारखं करायचा. माझ्या आईच्या शोकपत्रिकेला त्याने तो लावला होता. पत्रिका टेबलावर पालथी घातली आणि म्हणाला, "बाई चांगल्या होत्या हो. पण त्यांच्या नावाला ही झालर कोणी लावली?" झालर मी लावली होती.

घरात औषधाची बाटली भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. बसमध्ये सीटचा नंबर बघून जागा बदलायचा. एकदा तापाने फणफणलेला असताना दवाखान्यातून परत आला, का, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वर छापलेली अक्षरं 'सुजलेली' होती.

अक्षरं निवडायची त्याची रीतही तसलीच ओंगळ. आपण नमुना बघायला घेतो तेव्हा एखादी छानशी ओळ घेतो. हा घ्यायचा, 'येथे थुंकू नये. रांगेत उभे राहावे. सुटे पैसे द्यावेत.' ही तीन वाक्यं सात-आठ वळणांत छापून न्हाणीघरात आरशाशेजारी चिकटवायची आणि आठ दिवस दात घासताना त्यांच्याकडे बघत राहायचं. ज्याच्याकडे बघून चूळ भरताना उमासा येईल, तो कागद फाडायचा. आठव्या दिवशी भिंतीवर जे उरेल ते पास.

"आवडलं कोणतं, मास्तर?" असं कोणी विचारलं की चवताळायचा. "आवड आठवड्यात विटते. मळमळत कशाने नाही, ते विचारा."

आणि जोडी. पाटीवर, पुस्तकावर एका वळणाने भागत नाही. मोठ्या अक्षरांना एक, बारीक मजकुराला नाहीतर आकड्यांना दुसरं लागतं. ती दोन एकमेकांशेजारी नांदली पाहिजेत. त्याचं म्हणणं असं, की दोघं सख्खे भाऊ दिसत असतील तर दुसऱ्याची गरजच काय, आणि अगदीच परके दिसत असतील तर त्यांना एका पाटीवर कोंडायचं कशाला. उंची जुळावी, काळेपणा जुळावा, आणि एक बोलत असताना दुसऱ्याने गप्प बसावं.

मी म्हटलं, "म्हणूनच तुमचं लग्न जमलं नाही वाटतं."

"प्रूफवाले, तुमचं जमलंय ना? मग तुमच्याकडे गप्प कोण बसतं, ते सांगा."

असो.

मास्तर राहायचा लाँड्रीच्या मागे, दोन खोल्यांत, थोरल्या बहिणीबरोबर. ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली तेव्हा ताईंनीच त्याला वाढवला, स्वतःचा संसार झाला, नवरा गेला, मग परत याच्याकडे आल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेलं. सुईच्या नेढ्यात एका फटक्यात दोरा घालणारी बाई, पण सत्तरी ओलांडली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. "सगळं दुधात बुडवून ठेवल्यासारखं दिसतं," म्हणायच्या. आणि एवढं असून ताठा असा, की रस्त्यात कोणी हात धरायला गेलं तर हात झटकायच्या. "मला धरून नेणारा अजून जन्माला यायचाय."

त्याच सुमाराला डोळ्यांचं नवं हॉस्पिटल उभं राहिलं. बाहेरगावचे एक मोठे सर्जन तिथे तीन महिन्यांतून एकदा, आठवडाभर येणार होते. पहिल्याच यादीत ताईंचं नाव लागलं. आणि हॉस्पिटलच्या सगळ्या पाट्यांचं काम आमच्या छापखान्याला मिळालं.

मास्तरला एरवी काम मिळालं की तोंड वाकडं व्हायचं. या वेळी तो नुसता गंभीर झाला. मला म्हणाला, "हे बघा, इथे येणार कोण? ज्याला दिसत नाही तो. माझी ताई दारातून आत शिरली पाहिजे आणि एकटी, कोणाला न विचारता, ऑपरेशनच्या टेबलापर्यंत गेली पाहिजे. एवढं झालं तर मी काम केलं. नाही झालं तर मी आयुष्यभर नुसतं नाक मुरडलं."

कॉम्प्युटरमध्ये दोनशे बारा वळणं होती, प्रत्येकाला अत्तराच्या बाटलीसारखं नाव. तो एकेक उघडायचा आणि मला ऐकू जाईल असं बोलायचा. "याच्या वेलांटीला मुडदूस झालाय. या 'क'ला गलगंड. हे सगळं तेलात तळून काढलंय, बोटाला लागतंय बघा. आणि हे? हे कोणीतरी ओकलंय, आणि मग वरून रेघ मारलीय." दोनशे बारांतली दोनशे चार पहिल्याच दिवशी गेली. आठ न्हाणीघरात गेली. शेवटी एक उरलं. त्याला त्याने 'जाड्या' म्हणायला सुरुवात केली. बसकं, रुंद, पोट उघडं असलेलं अक्षर, दोन रेघांमधून हवा खेळणारं. देखणं मुळीच नाही. एखादा हमाल बसस्टॉपवर उभा असावा तसं.

जाड्याची परीक्षा ताईंनी घेतली. त्यांच्या चाळीच्या व्हरांड्यात मास्तर दहा पावलांवर कागद धरून उभा, ताई खुर्चीत.

"औषधालय," ताई म्हणाल्या. "नोंदणी. तपासणी. पुढे आण. नको, तिथेच थांब, दिसतंय. पैसे येथे भरा. हे बाकी आंधळ्यालाही दिसेल असं लावलंयस."

"आणि हे?"

"शस्त्रक्रिया. घाबरवू नकोस, धाकट्या."

मग अध्यक्षांशी युद्ध झालं. अध्यक्षांचा ढाली आणि करंडक बनवायचा कारखाना होता. त्यामुळे या माणसाला जगात जे काही आहे ते सोनेरी असावं आणि त्याच्या कडेला पानं असावीत, असं मनापासून वाटायचं. माणूस वाईट नव्हता, ते आधीच सांगून ठेवतो. पण त्यांनी आणलेला नमुना! प्रत्येक काना खाली जाऊन वळलेला, प्रत्येक उकाराला तीन वेटोळी, शिरोरेखेवर कळ्या. मास्तरने तो कागद मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तसा दोन बोटांत धरला.

"कसं वाटतंय, मास्तर? राजेशाही?"

"साहेब, ही अक्षरं आहेत की जंत?"

छापखान्याचे मालक खोकले. अध्यक्ष लाल झाले. पण मास्तरने तेवढ्यात खिशातून तेलकट कागदाचा तुकडा काढला आणि अध्यक्षांच्या चष्म्यावर लावला. "आता वाचा. आमच्या ताईला असंच दिसतं." अध्यक्षांनी स्वतःच आणलेला नमुना वाचायचा प्रयत्न केला. जवळ नेला, लांब नेला. मग मास्तरने जाड्या धरला. तो त्यांनी कागदाआडून धडाधड वाचला. चष्मा पुसत बिचारे म्हणाले, "ठीक आहे, तुमचंच खरं. पुढचं तुम्हीच ठरवा. मला आणून द्या, मी सही करतो."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण माणूस जिंकला ना, की त्याला आणखी काहीतरी हवं असतं.

मास्तरकडे पत्र्याची एक डबी होती. त्यात शिशाचे दहा आकडे, शून्य ते नऊ. जिथे ते ओतले तो कारखाना कधीच बंद पडलेला. सोळा वर्षांचा असताना त्याने ते भंगारातून उचलले होते. या दहा आकड्यांना त्याने जन्मात कधी 'शी' म्हटलं नाही. ते दाखवताना त्याचा वरचा ओठ खाली यायचा आणि तो चक्क माणसासारखा दिसायचा. आकडे होतेही तसे देखणे. जाड रेघ वळणावर बारीक होत होत केसाएवढी व्हायची आणि पुन्हा भरायची. त्याच्या डोक्यात बसलं, की जाड्याला जोडी हवी ती हीच. नावं जाड्यात, आकडे या डबीतले. हमालाशेजारी नर्तकी. उंची जुळते, काळेपणा जुळतो, एक बोलताना दुसरा गप्प.

त्याने आकडे मोठे करून काढले, न्हाणीघरात चिकटवले, आठ दिवस दात घासले. मळमळ शून्य. होणार कशी? चाळीसहून जास्त वर्षं ज्यांच्याकडे डबी उघडून बघतोय, त्यांना तो आता वाचत थोडाच होता.

मग ताईंची परीक्षा. तोच व्हरांडा, तीच दहा पावलं. एका लांब कागदावर एक ते बारा.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा," ताईंनी घडाघड म्हटलं. "पुढे तेरा लावायचा राहिलाय, तोही वाचते हवं तर."

दोघं हसले. मास्तर दुसऱ्या दिवशी शीळ घालत कामावर आला. प्रूफ माझ्याकडे आलं. एक ते बारा. मी बारा खुणा केल्या आणि खाली सही ठोकली. अध्यक्षांनी मोटारीत बसता बसता कागद गुडघ्यावर ठेवून सही केली. कागद उलटा होता. जाड्यातली नावं पांढऱ्या पत्र्यावर रंगवली गेली. आकडे मात्र अध्यक्षांच्या कारखान्यात पितळेवर कोरले गेले, आणि करंडक चमकवतात तसे चमकवले गेले.

उद्घाटनाला मी होतो. सोनेरी फीत, सोनेरी कात्री, भाषणं. नव्या रंगाचा वास आणि त्यात कोणीतरी फवारलेलं अत्तर. मास्तर एका कोपऱ्यात नाकाला रुमाल लावून उभा होता, पण आकड्यांकडे बघताना रुमाल खाली घ्यायचा.

चौथ्या दिवशी ताईंची पाळी होती.

ताईंनी त्याला फाटकाशीच थांबवलं. "इथे बाकावर बस. आत आलास तर याद राख." तोही बसला. त्यालाही हेच हवं होतं.

पुढचा मोठा दरवाजा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला होता. पेशंटना बाजूच्या दाराने आत घ्यायचे. नोंदणीची पाटी ताईंनी लांबूनच वाचली. तिथल्या मुलीने सांगितलं, "आजी, खोली नंबर एक. थेंब घालतील, मग नाव पुकारलं की आत नेतील." ताई निघाल्या. बाजूच्या दाराने आल्यावर जी पहिली खोली लागायची ती होती नवाची. एकाची खोली होती थेट पलीकडच्या टोकाला, पाहुण्यांच्या दाराशी. ताईंनी पाटीला नाक लावलं. गोल डोकं, खाली उतरलेलं शेपूट. एक. शिरल्या आत.

त्या डबीतल्या एकाचं आणि नवाचं डोकं सारखं, शेपूट सारखं. फरक काय तो नवाच्या अंगावरच्या एका आकडीचा, आणि ती आकडी नेमकी केसाएवढ्या रेघेची. चकचकीत पितळेवर, समोर खिडकीचा उजेड. चांगल्या डोळ्यालासुद्धा क्षणभर थांबावं लागलं असतं. मोतीबिंदूला ती नव्हतीच.

नवाच्या खोलीत काय होतं म्हणाल, तर वापरलेल्या पट्ट्या. लोकांच्या डोळ्यांवरून काढलेला कापूस, पिवळा, कडक झालेला. पू लागलेले बोळे. झाकण नसलेल्या दोन बादल्या. कसल्याशा पाण्यात भिजत घातलेले ट्रे, आणि त्या पाण्यावर साय. दुपारी ती घाण उचलून न्यायचे. कोपऱ्यात एक स्टूल होतं. ताई त्याच्यावर बसल्या. वास आला, पण हॉस्पिटल आहे, असायचाच, असं त्यांना वाटलं. पायाला काहीतरी ओलं लागलं, पाय उचलून घेतला. पावणेतीन तास बसल्या. कोणाला हाक मारायची नाही हा त्यांचाच नियम.

शेवटी झाडूवाली आली. "अगं बाई! आजी, इथे काय करताय? इथे घाण टाकतो आम्ही."

"नंबर लागायचाय माझा."

तोवर एक नंबरच्या खोलीत त्यांचं नाव तीनदा पुकारून खोडलं गेलं होतं. सर्जनची आठवड्याची यादी भरलेली. आता पुढच्या खेपेला, तीन महिन्यांनी.

ताई बाकापाशी आल्या. मास्तरने मान वर केली, वास आला आणि सवयीने तोंडातून गेलं, "शी! कुठे बसली होतीस?"

"एक नंबरला."

तो ताडकन उठला. कोणत्या गाढवाने, कोणत्या रेड्याने, असं काहीबाही ओरडत बाजूच्या दाराने आत शिरला, आणि नवाच्या पाटीसमोर उभा राहिला. झाडूवाली तिथेच होती, तिने मला पुढे सांगितलं. आधी नुसताच बघत होता. मग त्याने चष्मा काढला. चष्म्याशिवाय पुन्हा बघितलं. ती म्हणाली, "मला वाटलं त्यांना चक्कर येतेय, मी बादली पुढे केली."

त्या चार दिवसांत ताई धरून पाच जण त्या खोलीत जाऊन बसले होते. एका म्हाताऱ्याने तर तिथे डबा उघडून जेवण केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मास्तर पेचकस घेऊन हजर. एकेक पाटी उतरवायची आणि तिच्या जागी जाड्याच्या आकड्याचा कागद चिकटवायचा, हातभर उंच, काळाकुट्ट. झाडूवालीने विचारलं, "कुठे नेताय हो पाट्या?"

"धुवायला."

"कालच पुसल्यात मी."

"पुसून जाणारी घाण नाही ती, बाई."

एवढं संभाषण. यातून संध्याकाळपर्यंत काय काय झालं ते तुम्हाला वर सांगितलंच.

चार दिवसांनी अध्यक्षांनी आम्हाला बोलावून घेतलं. मालक, मास्तर आणि फाइल सांभाळायला मी. अध्यक्ष संतापलेले. "मास्तर, ही कुठली पद्धत? पितळ माझ्या कारखान्यातलं आहे!"

आमचे मालक म्हणजे कोणत्याही भांडणातून कोरडं बाहेर पडणारा माणूस. ते हळूच म्हणाले, "साहेब, पाट्यांचं बघू. पण त्या आकड्यांनी पाच पेशंट घाणीच्या खोलीत गेले. मास्तरांना अख्खा गाव ओळखतो. हे असले आकडे मास्तर निवडतील का?"

अध्यक्षांनी भिंतीवरच्या स्वतःच्या ढालींकडे बघितलं. त्यांच्यावरही असेच जाड-बारीक रेघांचे आकडे होते. माणूस खरोखर विचारात पडला. "कागदावर सही माझी आहे खरी," ते म्हणाले. "आमच्या कोरणाऱ्या लोकांनी काही बदललं असेल... किंवा मीच काही बोललो असेन त्यांना. सुंदर करा वगैरे."

सगळ्यांनी मास्तरकडे बघितलं. मास्तरने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतो.

"शी," तो म्हणाला.

बस. एवढंच. डोळे टेबलाकडे. ती कोणाला होती हे मला दिसत होतं, कारण इतक्या वर्षांत असली शी मी ऐकली नव्हती. पण अध्यक्षांनी ती स्वतःवर घेतली. मान खाली घातली आणि म्हणाले, "माफ करा, मास्तर. ताईंना सांगा, मला फार वाईट वाटलं." आणि मास्तरने ती माफी घेतली. गिळली म्हणा. माझ्या मांडीवर ती फाइल होती, आत बारा खुणांचं प्रूफ, खाली माझी सही. मी फाइलची नाडी घट्ट बांधली. आपली आपल्याला किळस यावी असे प्रसंग आयुष्यात फार नसतात, तो एक.

त्या संध्याकाळी त्याने ताईंना सांगितलं. हे मला ताईंकडून कळलं.

"ताई, ते आकडे माझे होते."

"माहितीय."

"कधी कळलं?"

"त्या बादल्यांशेजारी बसल्या बसल्या. दुसरं काय काम होतं मला? ओळीने लावलेस ना माझ्यापुढे. एक, दोन, तीन. ओळीने कोणीही म्हणेल. एकदा उलटसुलट लावून बघितले असतेस तर तिथेच अडले असते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते. पाच दिवस लागले. आता त्या अध्यक्षांना जाऊन सांग."

"उद्या सांगतो."

तो उद्या आला नाही. ताईंनीही पुन्हा सांगितलं नाही. त्यांनी वेगळंच केलं. हात झटकणाऱ्या बाईंनी त्या दिवसापासून धाकट्या भावाचा हात धरला तो तीन महिने सोडला नाही. बाजारात, बँकेत, मोचीकडे. आणि प्रत्येक पाटीसमोर थांबायचं.

"काय लिहिलंय रे तिथे?"

"चपला दुरुस्ती."

"तेवढंच नाही. कसं लिहिलंय, नीट सांग. मला दिसत नाही."

"लाल रंगात. फुगीर."

"आणखी?"

"कान्यांना... पाय फुटलेत."

"शी म्हणायचंय का? म्हण की. आधी आरशात बघून म्हण, मग मोच्याला म्हण."

अख्खं गाव बघायचं, की हा आमचा नाकमुरड्या मास्तर बहिणीचा हात धरून गावातल्या सगळ्या भिकार अक्षरांचं सविस्तर वर्णन करतोय. लोकांना वाटलं, काय हे बहीणभावाचं प्रेम. मी ते दुरून पाहायचो आणि रस्ता ओलांडायचो, न जाणो ताईंनी मला थांबवून विचारलं तर.

तीन महिन्यांनी सर्जन परत आले. खोली नंबर एक, जाड्याच्या आकड्यात. ताई एकट्या आत गेल्या. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पट्टी निघाल्यावर घरी आल्या, दारात उभ्या राहिल्या, भिंती बघितल्या, न्हाणीघराच्या आरशाशेजारचे गोंदाचे डाग बघितले आणि म्हणाल्या, "शी! काय घाण करून ठेवलंयस रे घर." मग भावाकडे वळून बघत राहिल्या. "आणि म्हातारा झालास की."

मास्तर पुढे आणखी सहा वर्षं आमच्या समोरच्या टेबलावर बसला. काम करायचा. जोड्या जुळवायचा, न्हाणीघरात कागद लावायचा. पण आता आकडे नेहमी उलटसुलट लावायचा, आणि कोणाच्या कामाला नाक मुरडायचा नाही. नवी मुलं म्हणायची, मास्तर किती शांत स्वभावाचे आहेत. मला हसू आवरायचं नाही, आणि ते चांगलं हसू नव्हतं. आधीचा तिरसट माणूस मला जास्त सोसवायचा. हा, प्रत्येक घाणेरड्या पत्रकाला 'ठीक आहे' म्हणणारा, समोर असला की मी प्रूफात डोकं खुपसून बसायचो.

अध्यक्षांनी पुढच्याच वर्षी पद सोडलं. ढालींवरचे आकडे त्यांनी सगळे बदलून टाकले. त्यांच्या म्हातारपणी मी चहाला जायचो, तर आल्यागेल्याला स्वतःहून सांगायचे, "माझ्या हौसेपायी पाच आंधळी माणसं मी घाणीत बसवली." सांगता सांगता डोळे पुसायचे. त्यांना ते आता आठवायलाही लागलं होतं, कोणत्या दिवशी, कोणत्या कारागिराला, काय सांगितलं ते सगळं. मी बिस्कीट चहात बुडवायचो आणि म्हणायचो, "चालायचंच, साहेब." शीमास्तरही गेला, ताईही गेल्या, अध्यक्षही मागच्या थंडीत गेले. आता कोणाला काय फरक पडतो, असं तुम्ही म्हणाल. कोणालाच नाही.

पाट्या चोरीला गेल्या नव्हत्या. शीमास्तरने त्या उतरवून त्याच दिवशी छापखान्याच्या कपाटात आणून ठेवल्या, आणि त्या अजून तिथेच आहेत. त्यांच्यावरचे आकडे अध्यक्षांनी निवडलेले नव्हते. ते शीमास्तरने निवडले होते, आणि मी पास केले होते.